पिकअपची ताकद कुणी नेली?



तुम्ही गॅरेजवाल्यांनी मला या अध्यक्षाच्या खुर्चीवर बसवलंत. अध्यक्षाने धंद्याचा चौफेर आढावा घ्यावा, जीएसटीपासून जागेच्या भाड्यापर्यंत सगळ्याला हात लावावा, अशी आपल्याकडे रीत आहे. ते काम अहवाल वाचणारे चिटणीस माझ्यापेक्षा नीट करतील. मी एकच गाऱ्हाणं घेऊन उभा आहे, जे आपल्या सगळ्यांच्या शेडमध्ये रोज ऐकू येतं. "मालक, जुनी पिकअप बरी होती. ह्या बीएस-सिक्सला ओढ नाही आणि ॲव्हरेजही नाही. सरकारने धूर मारायच्या नादात गाडी मारली."

यावर आपण काय करतो? मान डोलावतो. गिऱ्हाईक खूश होतं आणि बिलावरची घासाघीस कमी होते. पण मिस्त्रीने मान डोलावण्याआधी आकडा बघावा. माझं मत आधीच सांगतो. ताकदीची तक्रार बहुतांशी खोटी आहे. ॲव्हरेजची तक्रार काही कामांपुरती खरी आहे. आणि तिच्यावर आपल्यातले काहीजण शटर अर्धं ओढून जो उपाय करतात, तो रोगापेक्षा वाईट आहे.

आधी ताकद. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ साली आपल्याकडे आली तेव्हा तिला अडीच लिटरचं इंजिन होतं, सुमारे १३५ पीएस आणि ३२० न्यूटन-मीटर टॉर्क. २०२१ मध्ये ती बीएस-६ होऊन आली तेव्हा इंजिन उरलं १.९ लिटरचं, ताकद १६३ पीएस आणि टॉर्क ३६०. बोलेरो जीपचं दीड लिटरचं इंजिन बीएस-४ मध्ये ७० अश्वशक्तीचं होतं, बीएस-६ मध्ये ७५ चं झालं. टॉर्क १९५ वरून २१० वर गेला. २०२३ मध्ये आलेल्या बोलेरो मॅक्स पिकअपच्या मोठ्या मॉडेलात तर ५९.७ किलोवॅट आणि २२० न्यूटन-मीटर आहे, दोन टन माल उचलण्यासाठी. नियमांनी ताकद खाल्ली असती तर हे आकडे उलट दिशेने गेले असते.

पिकअपचं खरं माहेर अमेरिका, म्हणून तिथलाही एक दाखला देतो. डॉज कंपनीने १९८९ मध्ये आपल्या पिकअपला कमिन्सचं ५.९ लिटरचं डिझेल इंजिन बसवलं, तेव्हा त्याची ताकद होती १६० अश्वशक्ती. त्या काळी धुराचे नियम नावापुरते होते. २००७ मध्ये तिथे काजळीचा नियम एकदम कडक झाला, डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर आला, आणि त्याच सुमारास इंजिनही ६.७ लिटरचं झालं. ताकद ३५० अश्वशक्ती. आज तेच घराणं चारशेच्या पुढे आहे आणि टॉर्क साडेचौदाशे न्यूटन-मीटरच्या घरात. इंजिन थोरलं झालं हे खरं, पण तेवढ्याने एवढा फरक पडत नाही.

मग ताकद वाढली कशी? त्याच नियमांमुळे, असं मी म्हणेन. काळा धूर म्हणजे न जळालेलं डिझेल, हे आपण पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. धूर कमी करायचा तर डिझेल बारीक फवारलं पाहिजे, वेळेवर फवारलं पाहिजे आणि त्याला हवा पुरली पाहिजे. त्यातून कॉमन रेल आली, इंजेक्शनचा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत गेला, पाती फिरवणारा टर्बो आला, इंटरकूलर आला. या सगळ्यांनी धूर कमी केला आणि जाताजाता ताकदही दिली.

तरी गिऱ्हाइकाला ओढ कमी का वाटते? तो तुलना कशाशी करतो ते बघा. त्याची जुनी गाडी पंपाची होती. पंपाचा स्क्रू आपणच फिरवून दिला होता. कंपनीने दिली त्यापेक्षा जास्त डिझेल जात होतं, घाटात मागच्या गाडीला रस्ता दिसत नव्हता आणि हौद्यात पासिंगच्या दीडपट माल होता. नव्या गाडीला स्क्रू नाही. हवा पुरेल तेवढंच डिझेल ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, देतं, आणि टर्बो फिरेपर्यंत खालच्या आरपीएमला गाडी थोडी थांबल्यासारखी वाटते. माल मात्र अजून दीडपटच. अशा तुलनेतून निघालेला निकाल मी तरी मानणार नाही.

आता ॲव्हरेजकडे येतो. इथे गिऱ्हाईक खोटं बोलत नाही, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

डिझेल इंजिनात दोन विषं तयार होतात आणि एक कमी करायला गेलं की दुसरं वाढतं. टायमिंग पुढे ठेवलं, ज्वलन गरम ठेवलं, तर ॲव्हरेज चांगलं आणि काजळी कमी. पण त्या उष्णतेत हवेतला नायट्रोजन जळून नायट्रोजन ऑक्साइड्स होतात, ज्याला आपण नॉक्स म्हणतो. टायमिंग मागे घेतलं, ईजीआरने जळका वायू परत आत सोडला, तर तापमान उतरतं आणि नॉक्स कमी होतो. पण काजळी वाढते आणि डिझेलही जास्त लागतं. म्हणजे नियम जर इंजिनाच्या आतच पाळायचा असेल, तर त्याची किंमत ॲव्हरेजने मोजावी लागते. अमेरिकेतल्या २००७ ते २०१० च्या पिकअपचं दुखणं नेमकं हेच होतं. ईजीआर भरपूर, डीपीएफ नवीन आणि काजळी जाळायला वरून जादा डिझेल. मालक वैतागले होते, आणि त्यांचं बरोबर होतं. तिथे मोठ्या पिकअपवर सरकारी मायलेजचं लेबल लावायची सक्ती नाही, त्यामुळे प्रत्येकाकडे स्वतःची वही आणि स्वतःचं दुःख.

पुढे युरियाची एससीआर आली. सायलेन्सरमध्येच नॉक्सचा निकाल लागतो म्हटल्यावर इंजिनाला पुन्हा मोकळेपणाने, गरम जळू देता येतं. हातचं गेलेलं बरंचसं ॲव्हरेज तिथून परत आलं. अर्थात दुसरी टाकी आली, आणि डिझेलच्या साधारण तीन ते पाच टक्के युरिया भरायचा खर्चही.

आपण मधला जिना चढलोच नाही. बीएस-५ वगळून १ एप्रिल २०२० ला थेट बीएस-६ वर उडी मारली. जड पिकअपच्या वर्गात नॉक्सची मर्यादा किलोमीटरमागे ०.३९ ग्रॅमवरून ०.१२५ वर आली आणि काजळीची ०.०६० वरून ०.००४५ वर. काजळीचा आकडा पुन्हा ऐका, तेराव्या हिश्श्यावर आला. पिढीच्या पिढी शिकायला लागते ते आपण तीन वर्षांत शिकलो. त्या आधीची सवयही भलतीच होती. २०१० नंतर कितीतरी वर्षं पुणे, मुंबई, सोलापूर अशा मोजक्या शहरांत ५० पीपीएम गंधकाचं डिझेल आणि बाहेर ३५० पीपीएमचं, अशी दुहेरी व्यवस्था आपल्या अंगवळणी पडली होती. आता सगळीकडे १० पीपीएम. गंधक काढलेलं हे डिझेल किंचित हलकं असू शकतं. घनतेची खालची मर्यादा ८२० वरून ८१० झाली आहे, म्हणजे लिटरमागे उष्णता जराशी कमी. फार नाही, पण वहीत मायलेज लिहिणाऱ्याला ते दिसू शकतं.

पण खरा फरक पडतो तो गाडीच्या कामामुळे. दूध संकलनाची पिकअप डोळ्यांसमोर आणा. पहाटे निघते, अर्ध्या-एक किलोमीटरवर थांबते, इंजिन चालूच, कॅन चढतात, पुन्हा दुसऱ्या गिअरमध्ये पुढची वाडी. सायलेन्सर कधी नीट तापतच नाही. डीपीएफमधली काजळी जाळायला सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. ते आणण्यासाठी ईसीयू जादा डिझेल सोडतं, रिजन म्हणजे काजळी जाळून फिल्टर साफ करणं सुरू होतं, आणि तेवढ्यात डेअरी येते. ड्रायव्हर चावी फिरवून चहाला जातो. रिजन अर्धवट, डिझेल वाया. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्येही उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं की ड्रायव्हर खूश होतो. आपण घाबरायला हवं. दुसऱ्या पहाटे तोच खेळ. महिन्याभराने दिवा लागतो, मग गाडी लिम्पमध्ये जाते आणि मालक म्हणतो, ताकद गेली.

आता तेच मॉडेल नारायणगावहून टोमॅटो भरून रात्री वाशीला जातं. कित्येक तास एका दमात, चढ-उतार, इंजिन तापलेलं. काजळी जळत राहते आणि रिजन पूर्ण होतं. या मालकाकडून डीपीएफची तक्रार मी फारशी ऐकलेली नाही. गाडी एक, नियम एक, ॲव्हरेज दोन. म्हणून गाडी विकत घ्यायच्या आधी कुणी सल्ला विचारला, तर पहिला प्रश्न रोजच्या फेरीचा असावा. वाडी-वस्तीवर थांबत फिरायचं असेल तर सीएनजी किंवा बॅटरीची गाडी बघ, असं डिझेलवाल्या मिस्त्रीने सांगायला लाजू नये.

ऑइलबद्दल दोनच वाक्यं. काजळी जळते, राख जळत नाही, आणि डीपीएफमधली राख मुख्यतः ऑइलमधून येते. कमी राखेचं ऑइल महाग पडतं म्हणून जो जुनं ऑइल ओततो, तो गिऱ्हाइकाचे काही रुपये वाचवून त्याचा फिल्टर घालवतो.

आणि आता शटरमागचं. ईजीआरला पत्रा मारणं, डीपीएफ पोकळ करणं, लॅपटॉपवाला बोलावून रिमॅप करणं. हे आपल्या धंद्यात चालतं, इथे बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेत याला 'डिलीट' म्हणतात. तिथल्या पर्यावरण संस्थेने २०२० मध्ये अंदाज मांडला की दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपमधली यंत्रणा काढून टाकली गेली. कंपन्याही सोवळ्या नाहीत. रॅम पिकअपच्या इंजिनांवरून कमिन्सने १६७ कोटी ५० लाख डॉलरचा दंड मान्य केला. फोक्सवॅगनच्या धूर-चाचणीतल्या फसवणुकीच्या प्रकरणात आपल्या पुण्याच्या एआरएआयने रस्त्यावर गाड्या तपासल्या आणि २०१५ च्या अखेरीस इथल्या तीन लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या. मोठ्यांनी चोरी केली म्हणून आपली चोरी धुतली जात नाही.

पत्रा मारल्यावर गाडी काही दिवस हलकी वाटते, हे मी नाकारत नाही. पण ईजीआर मोजून ईसीयूने डिझेलचा हिशोब मांडलेला असतो, तो बिघडतो. एक दिवा विझवायला दुसरा सेन्सर फसवावा लागतो. पीयूसीत हे पकडलं जाईलच असंही नाही. बीएस-६ डिझेलला तिथे धुराची मर्यादा ०.७ आहे, पण तपासतात फक्त धूर. नॉक्स तिथे मोजलाच जात नाही. म्हणजे ईजीआर बंद केलेली गाडी सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडू शकते. कायद्याला दिसत नाही ते आपल्याला दिसतं, म्हणून जबाबदारी आपल्यावर येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकला. तो धूर मंत्रालयाआधी आपल्या शेडमधल्या पोराच्या छातीत जातो, तेही बंद शेडमध्ये, रेस देऊन तपासताना.

कंपन्यांचे पाहुणे इथे आहेत, म्हणून त्यांनाही ऐकवतो. आमच्या माणसाला स्कॅनर आहे, पण जबरी रिजन चालवायची परवानगी तुमच्या लॉगिनमागे कुलूपबंद आहे. वाहनाचा मालक तालुक्याच्या गावात, तुमचं सर्व्हिस सेंटर जिल्ह्याला. तासाभराच्या कामासाठी त्याचा दिवस आणि माल जातो, मग तो पत्र्याकडे वळतो. युरिया यंत्रणेत एखादा सेन्सर गेला म्हणून भरल्या गाडीची ताकद अर्ध्या वाटेत उतरवणं हाही सूड आहे, उपाय नव्हे. अमेरिकेतसुद्धा २०२५ च्या ऑगस्टमध्ये पर्यावरण संस्थेने कंपन्यांना सांगितलं की गाडी अशी अचानक अडवू नका, सॉफ्टवेअर बदला. मर्यादा तशीच ठेवून माणसाला घरी पोचू देता येतं. तेवढी मोकळीक आपल्या नियमांतही हवी आणि ती मागायचा हक्क आपल्याला आहे. पण जो दिवसा मागणी करतो आणि रात्री पत्रा मारतो, त्याचं कुणी का ऐकावं?

दुपारच्या सत्रात या मागण्या ठरावाच्या रूपाने येतील. दुरुस्तीची माहिती आणि जबरी रिजनची सोय स्वतंत्र गॅरेजना वाजवी फीमध्ये मिळावी, हा पहिला. युरियाच्या बिघाडात गाडीला टप्प्याटप्प्याने आणि पुरेशी मुदत देऊन रोखावं, हा दुसरा. दोन्हींना माझा पाठिंबा आहे. तिसरा मी स्वतः मांडतो आहे: या संघटनेचा सभासद बीएस-६ गाडीची धूर-यंत्रणा काढणार नाही, बंद करणार नाही आणि दुसऱ्याकडून करवूनही देणार नाही. त्यावर हात वर करणं नको, आवाजी मतदानही नको. प्रत्येकाने आपलं नाव आणि गाव लिहून सही करावी, एवढी माझी विनंती आहे.