ताळा चुकला तेव्हा
(मेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी 'माझा छंद' या विषयावर पाच मिनिटे बोलायला सांगितले आहे. समोर गणिताच्या बाई बसल्या आहेत, म्हणून आकडेमोडच सांगते.

जे. आर. आर. टोल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन भागांत आली. मुलीच्या आग्रहाने मी ती वाचली आणि सॉफ्टवेअरवालीची खोड म्हणून तिथल्या लोकसंख्येचा हिशेब मांडत बसले. तिथले हॉबिट म्हणजे बुटके, शेती करणारे, खाऊनपिऊन सुखी लोक. त्यांच्यातल्या सॅम आणि रोझीला १३ मुले! वाढ वर्षाला नुसती एक टक्का धरली, तरी ७० वर्षांत वस्ती दुप्पट. एल्फ म्हातारपणाने मरत नाहीत, पण त्यांना मुले मोजकीच. म्हणून त्यांची अरण्ये गजबजत नाहीत. झाडांसारख्या एंटांच्या तर बायकाच हरवल्या. त्यांची नवी पिढीच नाही.

मी अडकले ती ड्वार्फांपाशी. डोंगर पोखरून राहणाऱ्या या लोकांत बायका एक तृतीयांशाहून जास्त नसाव्यात, असे परिशिष्टात आहे. म्हणजे संख्या नुसती टिकवायची, तरी प्रत्येकीची तीन मुले जगायला हवीत. त्यात सगळ्या जणी लग्न करत नाहीत. पण पुढची गोष्ट जास्त लागली. या बायका क्वचितच बाहेर पडतात, आणि पडल्या तर पुरुषांपासून ओळखू येत नाहीत. त्यामुळे ड्वार्फांत बायकाच नसतात, असा बाहेरच्यांचा समज झाला. दिसल्या नाहीत, म्हणून मोजल्या नाहीत.

तिथे मला आपला वर्ग आठवला. पाचवीत आपण २१ मुली होतो. दहावीच्या फोटोत ९. कोणी परगावी गेली, कोणाची शाळा सुटली, दोघींची लग्ने नववीतच झाली. आजच्या निमंत्रणांची यादी दहावीच्या पटावरून मीच केली. १२ जणी त्यात नाहीत, हे माझ्या लक्षातही आले नाही. माझ्या बाकावर बसणारी, माझ्याआधी तिसाचा पाढा पाठ करणारी मैत्रीण त्यांतलीच.

बाई, ताळा न करताच मी उत्तर लिहिले.

पाचवीचा हजेरीपट शाळेत आहे. त्यांतल्या कोणाचा ठावठिकाणा माहीत असेल, तर जेवणाआधी मला सांगा. पुढच्या मेळाव्याची यादी पाचवीपासून करू.