आग विझवायला धावतो, तसे आग टाळायलाही जमू या

होळी झाली, वारं सुटलं. ज्वारीची काढणी उरकून कडब्याच्या गंज्या दाराशी आल्या. आगीची भीती असते ती याच दिवसांत.

कुणाच्या घरी आग लागली की आपल्याकडे सारं गाव बादल्या-घागरी घेऊन धावतं. पण आग लागू नये म्हणून कोण धावतं? ते काम घरच्या बाईचं समजलं जातं. काही झालंच तर बोलही तिलाच, ‘लक्ष कुठं होतं तुझं?’ आमच्या गटाचं म्हणणं असं, की भिंतीला भिंत लागलेल्या आळीत ठिणगी एका घरची राहत नाही. मग राखण एकटीची कशी? आगीचा बंब तालुक्याहून येणार. तोवरचा वेळ आपल्यालाच निभवावा लागतो.

म्हणून मासिक बैठकीनंतर आम्ही चौघी-चौघी आळीतून फिरलो. ‘आता बायका आमच्या चुलीत डोकावणार का?’ असं काहीजण म्हणालेच. मग आम्ही आधी आपापली घरं दाखवली. त्यानंतर बाकीची दारं उघडली.

बऱ्याच घरांत गॅसची शेगडी जमिनीवर होती. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साठतो. त्यामुळे शेगडी टाकीपेक्षा उंचावर हवी. घरच्या पुरुषांनी विटांवर फरशी टाकून ओटे केले, एका दिवसाचं काम. रबरी नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी ती बदलायची. आम्ही नळ्या एकदम मागवल्या. ज्यांच्या हाती पैसे नव्हते त्यांना बचतीतून दिले.

वायरचे उघडे जोड वायरमनकडून नीट करून घेतले. तरण्या पोरांनी घराला आणि विजेच्या तारेला लागून असलेल्या गंज्या लांब हलवल्या. आजोबांनी विडी विझवूनच टाकायचं कबूल केलं. चुलीतली राख पाणी मारल्याशिवाय उकिरड्यावर टाकायची नाही, हे सासवांनी स्वतःकडे घेतलं. आणि रात्री जो शेवटी झोपेल, मग तो कुणीही असो, त्यानं रेग्युलेटर बंद करायचा.

आता चार गोष्टी घरातल्या लहानथोरांना पाठ करून द्या.

गॅसचा वास आला तर विजेचं कुठलंही बटण चालू करू नका, बंदही करू नका. काडी ओढू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळे बाहेर या आणि बाहेरूनच 1906 ला फोन करा.

कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतू नका, भडका उडतो. जमेल तर गॅस बंद करा आणि वर झाकण सरकवा. कढई उचलून पळू नका.

विजेची आग असेल तर आधी मेन स्विच बंद करा. त्यावर पाणी मारू नका.

अंगावरचं कपडं पेटलं तर पळू नका. जमिनीवर आडवं होऊन लोळा. दुसऱ्यानं जाड सुती चादर किंवा घोंगडी टाकावी. भाजलेल्या जागी वीस मिनिटं साधं पाणी सोडत राहा. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका. 108 ची गाडी बोलवा. आग मोठी असेल तर 101 किंवा 112.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की लगेच उठू नका. अर्धा तास आळीतून फिरा. सोबत घरच्या माणसांनाही घ्या, कारण ओटा बांधायला आणि गंजी हलवायला त्यांचे हात लागणार आहेत. प्रत्येक आळीत वाळूच्या दोन बादल्या कुठं ठेवायच्या, तेही त्याच दिवशी ठरवा.