छंदाचे यंत्र आणि धंद्याचे काम

टेबलावर मावणारे सीएनसी राऊटर उत्पादनाला पुरेल का, हे त्यावर निघालेल्या पहिल्या नगावरून ठरत नाही. पहिला नग बहुतेक यंत्रे चांगलाच काढतात. पाहायचे असते ते पन्नासाव्या नगाचे माप, आणि त्याला लागलेला वेळ.

छंदासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या ३०१८ प्रकारच्या यंत्राचे कामाचे क्षेत्र सुमारे ३०० बाय १८० मिलिमीटर असते. त्याचा सांगाडा हलका, लीड स्क्रू साधा आणि मोटर स्टेपर जातीची. ही मोटर हुकमाप्रमाणे पावले टाकते, पण जागेवर पोहोचली की नाही, हे नियंत्रकाला कळवत नाही. बिट लाकडात अडकून काही पावले चुकली, की पुढची सगळी कापणी तेवढीच सरकते. उत्पादनाच्या यंत्रावर सहसा बॉल स्क्रू, एलएम गाइड आणि जड बेड असतो. तिथल्या सर्वो मोटरचा एन्कोडर जागेची खबर नियंत्रकाला सतत देत राहतो.

वेळेचा हिशेब त्याहून निर्णायक आहे. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, आणि गणपतीच्या मखरासाठी एमडीएफच्या जाळीसारखे पर्याय पुढे आले. समजा, कल्याणमधल्या एखाद्या कारागिराच्या मखरात ३ मिलिमीटर जाडीची २० मीटर कापणी आहे. छोटे यंत्र मिनिटाला ६०० मिलिमीटर वेगाने, एका फेरीत १ मिलिमीटर खोल जाते असे धरले, तर एका मखराला १०० मिनिटे लागतात. शंभर मखरांना सुमारे १६७ तास! मिनिटाला ३ मीटर वेगाने एकाच फेरीत कापणारे दणकट राऊटर तेच काम साधारण ११ तासांत उरकते. नग बांधणे आणि बिट बदलणे यांचा वेळ दोन्हीकडे याशिवाय लागतो. गणेश चतुर्थीची तारीख मात्र पुढे ढकलता येत नाही.

यंत्र विकत घेण्यापूर्वी डायल गेज लावून अक्ष एका बाजूने आणि मग उलट बाजूने त्याच बिंदूवर आणावा. काट्यातला फरक म्हणजे बॅकलॅश. स्पिंडल हाताने दाबला असता काटा हलत असेल, तर सांगाडा कच्चा. त्यानंतर सलग चार तास खरे काम चालवून पहिला आणि शेवटचा नग व्हर्नियरने मोजावा. हे चार तास टाळू नयेत. मोटर तापणे, स्क्रूमध्ये भुसा शिरणे, ढिले होणारे स्क्रू, या गोष्टी तेव्हाच दिसतात.

नावाच्या पाट्या, ॲक्रिलिकच्या की-चेन, नमुन्याचे पहिले नग यांसाठी छोटे यंत्र खरोखर उपयोगी आहे. पोलादाच्या कामाला ते घेऊ नये. अशा आणि मोठ्या कामांसाठी ठाणे-डोंबिवलीत दुसरी वाट जवळच आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (एमआयडीसी) आरंभीच्या वसाहतींपैकी वागळे इस्टेट ठाण्यातच आहे, आणि डोंबिवलीलाही एमआयडीसी आहे. नमुना घरी पक्का करून मोठी ऑर्डर जॉबवर्कला देता येते. तेव्हा ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहून द्यावा, आणि भाव ठरवण्याआधी त्याच मालाचा एक नग कापून घ्यावा.