शंभराचे हजार झाले, तर मालकाला काय आणि आपल्याला काय?

(दिवाळी २००२ नंतर, भट्टीवर निघण्याआधी भरलेल्या पाड्यांच्या सभेत केलेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. पाड्यावर वाचून दाखवा.)



पुढच्या आठ दिवसांत आपले निम्मे पाडे रिकामे होतील. भात झोडून झालं, मुकादम येऊन उचल देऊन गेला. कोणी वसई-भिवंडीकडं जाईल, कोणी हद्द ओलांडून गुजरातेत. म्हणून हे बोलणं आजच करायचं ठरवलं.

गेल्या महिन्यात आम्ही चौघं संघटनेकडून मुंबईला गेलो होतो. कामगारांचे कायदे बदलणार, त्यावर परळला बैठक होती. आधी आम्हालाच वाटलं, आपला काय संबंध? आपण जमिनीसाठी भांडणारी माणसं. पण दादरला उतरून चालत परळ, लालबागला गेलो आणि संबंध कळला.

तिथं गिरण्यांची धुराडी अजून उभी आहेत, धूर मात्र नाही. लालबागच्या एका चाळीत आम्ही उतरलो. घरचे काका रत्नागिरीकडचे, साचाखात्यात कामाला होते. त्यांनी सुरुवातीला बदली म्हणून काम केलं. बदली म्हणजे रोज गेटावर जाऊन उभं राहायचं, कायम माणूस आला नाही तर आत घ्यायचे, नाहीतर परत घरी. आम्ही म्हणालो, काका, हे तर आमच्या नाक्यासारखंच झालं.

आता कायदा काय ते सांगतो. मोठा कारखाना बंद करायचा किंवा माणसं कमी करायची, तर मालकानं आधी सरकारची परवानगी घ्यायची, असा कायदा १९७६ साली झाला. तेव्हा तो ३०० कामगार असलेल्या कारखान्यांना होता, पुढं १०० वर आणला. गेल्या वर्षी फेब्रुवारीत केंद्राचे अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी बजेटच्या भाषणात सांगितलं, हा आकडा १००० करू. बदल्यात कामावरून काढताना दर वर्षाच्या नोकरीमागं १५ दिवसांऐवजी ४५ दिवसांचा पगार देऊ. ठेकेदाराकडून काम करून घेण्याचा कायदाही सैल करू, असंही सांगितलं. यंदा सरकारच्या श्रम आयोगाचा अहवाल आला, त्यात कारखाना बंद करण्यासाठी ३०० चा आकडा सुचवला आहे. अजून कायदा झालेला नाही, पण गाडी त्याच वाटेनं चालली आहे.

मालकाच्या बाजूनं बघा. तो म्हणतो, माणूस काढता येत नाही म्हणून मी माणूस घेत नाही. काढायची मोकळीक द्या, मग मी जास्त लोक घेईन. ऐकायला बरं वाटतं. पण आज ज्याच्याकडं ९०० माणसं आहेत त्याला विचारावं लागतं, उद्या लागणार नाही. नऊशे घरांच्या चुली त्याच्या एका सहीवर आल्या. मालकासाठी बदल एवढाच, की कोणाला विचारायचं ते संपलं. पैसे तीनपट देतो म्हणतात, पण ते हजेरीपटावर नाव असेल त्याला. ज्याचं नाव ठेकेदाराच्या खिशातल्या चिठ्ठीवर आहे, त्याला काय?

मग परवानगीच्या कायद्यानं गिरणगाव वाचलं का? हे आम्ही काकांना विचारलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, नाही वाचलं.

१८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांच्या मागण्यांत १९४६ चा मुंबईचा कायदा बदला, हीही मागणी होती. त्या कायद्यानं मालकाशी बोलायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला होता, कामगार दुसऱ्याच्या मागं असले तरी. संप मोडला. हजारो कामगार परत घेतले नाहीत. नंतर बऱ्याच गिरण्या सरळ बंद केल्या नाहीत. बंद करायला विचारावं लागतं ना! मग मशीन दुरुस्त करायचं नाही, कापूस आणायचा नाही, विजेचं बिल भरायचं नाही. गिरणी आजारी पडली म्हणायचं. कागदावर गिरणी चालू आणि कामगार गेटाबाहेर.

असं का? कारण कापडापेक्षा खालची जमीन महाग झाली. १९९१ च्या नियमात होतं, की गिरणीची जमीन विकासाला काढली तर ढोबळ तीन वाटे करायचे. एक वाटा महापालिकेला मैदान-बागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला, की फक्त मोकळ्या जमिनीचे वाटे, इमारतीखालची जमीन वाटणीतून बाहेर. गिरणीत मोकळी जमीन असते किती? शेडच शेड. लोकांचा वाटा एका ओळीनं उडाला.

लोकांनो, हे ओळखीचं वाटतं ना? आपल्यालाही यंदा ३ मे ला दिल्लीहून असाच कागद आला. जंगलातली अतिक्रमणं ३० सप्टेंबरच्या आत काढा. आपण पिढ्यान् पिढ्या कसतो ती जमीन एका ओळीनं अतिक्रमण झाली.

परळच्या कामगार मैदानावर काकांनी आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली. १९३८ साली सरकारनं संपावर बंधनं घालणारा कायदा आणला. त्याच्याविरुद्ध ७ नोव्हेंबरला बाबासाहेब आंबेडकर आणि लाल बावट्यावाले एकत्र आले, मुंबईत एक दिवसाचा संप झाला, त्या मैदानावर सभा झाली. कायदा तरीही पास झाला. पण त्या वेळी बाबासाहेबांच्या पक्षाचे आमदार असलेले श्यामराव परुळेकर पुढं गोदावरीबाईंबरोबर आपल्या तलासरी-डहाणूत आले. १९४५ साली वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी मोडली ती त्यांच्या साथीनं. गिरणगावची आणि आपली वाट तेव्हाही एक होती.

आता आपल्या भट्टीचं बोलू. कायदा माणसं मोजून लागतो, हे ध्यानात ठेवा. ठेकेदारी कामगारांचा १९७० चा कायदा २० माणसांना लागतो, म्हणून वहीत १९ च नावं असतात. नवरा-बायको-पोरं मिळून वीट पाडतात, नाव एकट्या नवऱ्याचं. वर्षात २४० दिवस भरले तर काढताना नोटीस आणि भरपाई मिळते, आपली भट्टी पावसाआधी विझते. गुजरातेत ठेकेदारानं पाचजण नेले तरी १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा लागतो, जायचं-यायचं भाडं आणि वेगळा भत्ता मिळायला पाहिजे. आणि १९७६ पासून उचलीपायी माणूस अडकवून ठेवणं गुन्हा आहे. हे सगळं कागदावर आहे, म्हणून मालक आपल्याला मोजतच नाही.

तेव्हा आपणच मोजायचं. आज तीन गोष्टी ठरवून उठू.

एक. जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव ग्रामसभेच्या वहीत लिहायचं. बाईचं नाव वेगळं लिहायचं. मुकादम कोण, भट्टी कुठं, उचल किती, हजार विटांचा दर किती, हेही लिहायचं.

दोन. भट्टीवर रोजच्या विटा आपल्या वहीत मांडायच्या. लिहिता येत नसेल तर पोरांकडून लिहून घ्या, नाहीतर रेघा ओढा.

तीन. सगळ्यांनी घर बंद करून जायचं नाही. प्रत्येक घरातलं एक माणूस प्लॉटवर राहिलं पाहिजे. फॉरेस्टवाला पंचनाम्याला आला आणि जमीन मोकळी दिसली, तर तो मोकळीच लिहील.

निघताना काका म्हणाले, आमचा संप इतका लांबला कारण गावाकडं थोडी शेती होती, भात येत होता. ज्याच्या गावाला काहीच नव्हतं तो आधी मोडला.

आमच्या मनात ते बसलं आहे. घरात होळीपर्यंत नागली आणि भात असलं, तर मुकादमाला आपण दर विचारतो. नसलं, तर तो सांगेल तो दर. कायद्यानं मालकाला मोकळीक दिली, तर त्याला थांबवायला आपल्याजवळ दोनच गोष्टी उरतात, संघटना आणि एकसाली प्लॉट. प्लॉटसाठी भांडणं आणि मजुरीसाठी भांडणं ही दोन भांडणं नाहीत.

वही इथंच आहे. नावं लिहूनच घरी जा.

जोहार, जिंदाबाद!