खांद्यावरचे संगणकयंत्र



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ज्या वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तिच्याच वंशातल्या एका व्यासपीठावरून छायाचित्रणाची हौस असलेल्या नोकरदाराने लॅपटॉप कोणता घ्यावा याची चर्चा व्हावी, हे कित्येकांस औचित्यभंगाचे वाटेल. परंतु ज्या डोंबिवलीचा नोकरदार वर्ग सकाळच्या जलद लोकलमध्ये एका हाताने कडी धरून, दुसऱ्या हाताने पोटाशी घेतलेली सॅक सांभाळीत मुंबईस जातो, तेथे अर्ध्या किलोचा फरक हा चर्चेचा विषय होऊ नये, तर कोठे व्हावा?

१९८१ साली निघालेले ऑस्बोर्न-१ हे यंत्र सुवाह्य म्हणून विकले गेले आणि त्याचे वजन अकरा किलोंच्या आसपास होते. २००८ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून जो मॅकबुक एअर बाहेर काढला, तो सुमारे १.३६ किलोचा होता. आणि आज सव्वा किलोची यंत्रे सर्रास मिळतात. हलकेपणा आता दुर्मिळ राहिलेला नाही. तो कशाच्या मोबदल्यात पदरी पडतो, याची चौकशी मात्र ग्राहक क्वचितच करतो. कॅमेऱ्यातील कार्डाची खाच काढून टाकलेली असते, म्हणून जोडणी वेगळी बाळगावी लागते. चार्जरचे वजन जाहिरातीत धरलेले नसते. आणि स्मृती, म्हणजे रॅम, बहुधा मुख्य पट्टीवरच कायमची डकवलेली असते. माझ्या मते निवडीचे अव्वल सूत्र येथेच सापडते: जे मागाहून बदलता येणार नाही, त्यावर प्रथम खर्च करावा. साठवण अपुरी पडली तर बाहेरची डिस्क जोडता येते. रॅम आणि पडदा यांच्या बाबतीत तशी तजवीज नाही.

रॅमचा हिशेब सरळ आहे. चोवीस दशलक्ष बिंदूंचे छायाचित्र प्रत्येक रंगास सोळा बिट या प्रमाणात उघडले, की एकट्या त्या थरास १४४ दशलक्ष बाइट लागतात. त्यावर आणखी थर चढतात, आणि शेजारी कचेरीची पत्रके व ब्राउझरच्या खिडक्या उघड्या असतातच. सोळा जीबीपेक्षा कमी रॅम घेऊ नये.

पडद्याची कथा अधिक गुंतागुंतीची, आणि माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. १९९९ पासून या गावात गुढीपाडव्यास निघणारी स्वागतयात्रा आणि दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जमणारी तरुणाई, हे येथील हौशी छायाचित्रकारांचे दोन मोठे वार्षिक प्रसंग. भगवे फेटे, झेंडूच्या माळा, नऊवारीचे लाल काठ हे सारे गडद आणि तेजस्वी रंग, आणि स्वस्त पडदा नेमका याच ठिकाणी दगा देतो. ज्याच्या वर्णनात '४५ टक्के एनटीएससी' असे लिहिलेले असते, तो पडदा १९९६ साली मांडल्या गेलेल्या एसआरजीबी या सर्वमान्य वर्णमर्यादेचा दोन-तृतीयांश भागही दाखवू शकत नाही. फेटा त्यावर विटकरी दिसतो. संपादन करणारा इसम रंग चढवीत जातो. आणि लॅबमधून प्रत छापून आली, की त्या मिरवणुकीतील प्रत्येकाच्या मुखावर काविळीची छटा पसरलेली आढळते! लॅबवाल्यास बोल लावण्यात अर्थ नसतो. एसआरजीबी संपूर्ण दाखविणारा पडदा ही, चैन नव्हे, किमान अट समजावी. तो निस्तेज असावा, चकचकीत नसावा, ही शिफारसही जोडतो, कारण लोकलमध्ये खिडकीजवळची आसने लाभणाऱ्या भाग्यवंतांस उन्हाचे प्रतिबिंब फार छळते.

उष्णतेचीही एक बाब आहे. अत्यंत पातळ यंत्रांपैकी काहींत पंखाच नसतो. पत्रव्यवहार करताना ही शांतता सुखावह वाटते, परंतु शेकडो छायाचित्रे एकदम रूपांतरित करावयास लावली, की यंत्र तापते आणि आपली गती आपणच आवरते. वर्षातून दोनदाच असा प्रसंग येणार असेल, तर पंखा नसला तरी चालेल. लग्नकार्यांची छायाचित्रे हा ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांनी मात्र दोनशे ग्रॅम अधिक वाहावेत.

दुकानात जाताना आपल्याच कॅमेऱ्यातील काही रॉ छायाचित्रे पेनड्राइव्हवर न्यावीत. विजेची तार काढून ती छायाचित्रे उघडावयास सांगावी, पडदा तिरपा करून रंग पालटतात का ते पाहावे, आणि यंत्र चार्जरसह सॅकमध्ये घालून काही वेळ उभे राहावे. दुकानदार नाखूश होईल, होऊ द्यावा.