नियमांवाचून कायदा
(दुष्काळ साहाय्यक समितीच्या सभेत एका विधानसभा सदस्यांनी डिसेंबर २०१८ मध्ये केलेले भाषण)



समितीच्या चिटणीसांचे बोलावणे आले तेव्हा मुंबईतील हिवाळी अधिवेशनाचे सूप नुकतेच वाजले होते. आपल्यापुढे काही तरी घेऊन यावे अशी फार इच्छा होती. परंतु आम्ही रिकाम्या हातांनी आलो आहोत, हे आरंभीच सांगून टाकणे बरे.

३१ ऑक्टोबर रोजी सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सभागृहात त्यावर बोलणे झाले नाही असे नाही. टँकर, चारा, कर्ज, सर्व काही निघाले. आमचे मागणे त्याहून लहान होते. भूजलाच्या कायद्याचे नियम एकदाचे कायम करा, एवढेच.

विधिमंडळाने हा कायदा २००९ साली केला. राष्ट्रपतींची संमती मिळून तो अमलात येण्यास १ जून २०१४ उजाडला, आणि नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला तो २०१८ च्या जुलैत. मधल्या काळात, २०१६ च्या एप्रिलात, मिरजेहून लातूरला आगगाडीने पिण्याचे पाणी न्यावे लागले. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली होऊन २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्या दिरंगाईस आम्ही नावे ठेवीत असू. आता तीच तत्परता वाटू लागली आहे!

आपल्या पायांखाली काळा पाषाण आहे. पावसाचे पाणी साठते ते मुख्यत्वे वरच्या मुरमात, झिजलेल्या खडकात आणि भेगांत. त्याखाली फारसे काही नाही. म्हणूनच कायद्याने साठ मीटरांहून खोल विहिरीस मनाई केली. दोनशे मीटरांची कूपनलिका घेणारा नवे पाणी निर्माण करीत नाही. बहुधा शेजारणीच्या आडातलेच ओढून घेतो. सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून पाचशे मीटरांच्या आत परवानगीवाचून विहीर खोदू नये, हे तर १९९३ च्या कायद्यातच होते. ते किती पाळले गेले, हे ज्या भगिनी रात्री हंडे घेऊन रांगेत बसतात त्यांना विचारावे.

आम्ही तारांकित प्रश्न दिला. त्याची पाळी आली नाही. लक्षवेधी सूचना शेवटच्या दिवसाच्या यादीत तळाशी राहिली. खरे दुखणे असे की, या नियमांना उघड विरोध कोणीच करीत नाही. विरोध असता तर वाद तरी घालता आला असता. उसाचे आणि बागांचे धनी सर्व पक्षांत आहेत, आमच्या मतदारांतही आहेत. आणि २०१४ नंतर कित्येक अधिवेशने आम्हीही गप्प बसलो, हे लपविण्यात अर्थ नाही.

पाऊस अजून सहा महिने दूर आहे. यास्तव ज्यांच्याकडे कडबा आहे त्यांनी कडबा, इतरांनी यथाशक्ती रोख रक्कम समितीच्या खजिनदारांकडे द्यावी व पावती घ्यावी. ज्यांच्या विहिरीस पाणी टिकून आहे त्यांनी ती गावास खुली करावी. आमच्या मळ्यातील कूपनलिका साठ मीटरांहून खोल आहे. तिचे पाणी पिकास देणे थांबविले असून, सोमवारपासून ती गावाच्या टाकीस जोडण्यास सांगितले आहे.