हाडांत रुजणारा दांत

‘दांत आहेत तर चणे नाहींत, आणि चणे आहेत तर दांत नाहींत,’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्याला दैवाची विसंगति दाखवावयाची होती. दंतवैद्यक त्याच्या मनांत खासच नसावें. तथापि म्हणीचा उत्तरार्ध घरोघर अक्षरशः खरा होतांना दिसतो. संसार मार्गाला लागतो, स्वस्थपणें चार घांस खाण्याचे दिवस येतात, आणि नेमक्या त्या वेळीं मुखांतील शिलेदार एकामागून एक रजा घेऊं लागतात. दांत गेला म्हणजे केवळ चावण्याचें साधन गेलें असें होत नाहीं. उच्चार बिघडतो, गाल आंत ओढले जातात, भाकरीची जागा मऊ भात घेतो, आणि हंसतांना हात आपोआप तोंडापुढें जातो. ज्या हाडांत तो दांत उभा होता तें हाडहि, आतां कांहीं काम उरलें नाहीं असें समजून, हळूहळू झिजूं लागतें.

गेलेल्या अवयवाच्या जागीं दुसरा बसविण्याची मनुष्याची खटपट फार जुनी आहे. या खटपटीचे दोन भाग पडतात. एक, अवयव घडविणें. आणि दुसरा, शरीरानें त्याला आपलें म्हणणें. पहिला भाग कारागिराच्या हातीं असतो. दुसऱ्या भागाचा न्यायाधीश मात्र शरीर हेंच असतें, आणि त्याच्या निकालावर अपील चालत नाहीं. हा न्याय ओळखावयास वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला.

केवळ घडणीवर विसंबून राहिलें म्हणजे काय होतें, याचें प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचें आहे. १७८९ सालीं त्यांनीं अध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हां त्यांच्या तोंडांत स्वतःचा असा एकच दांत उरला होता. त्यांची कवळी लांकडी होती ही समजूत खरी नाहीं. पाणघोड्याच्या सुळ्याचें हस्तिदंत, माणसांचे दांत आणि धातूच्या स्प्रिंगा यांनीं ती सिद्ध केलेली असे. त्या स्प्रिंगा जबडे सतत उघडूं पाहात, आणि तोंड मिटलेलें ठेवण्यासाठीं अध्यक्षांना जोर लावावा लागे. आजची कवळी हलकी, स्वच्छ व सुबक असते, आणि तिनें असंख्य वृद्धांचें जेवण सुखाचें केलें आहे. परंतु तीहि हिरडीवर टेकते. हाडाशीं तिचें नातें जडत नाहीं.

त्याच अठराव्या शतकांत लंडनचे विख्यात शल्यवैद्य जॉन हंटर यांनीं निराळा मार्ग शोधला. त्यांनीं माणसाचा काढलेला दांत कोंबड्याच्या तुऱ्यांत रोवला, आणि तो तेथें धरला असें त्यांना दिसलें. दांतांविषयींचा त्यांचा ग्रंथ १७७१ सालीं प्रसिद्ध झाला, आणि एकाचा दांत दुसऱ्याच्या जबड्यांत बसविण्याच्या प्रथेला त्यांच्या नांवाचें बळ मिळालें. धनिकाच्या शेजारीं कोणी गरजू बसे, पैशासाठीं आपला निरोगी दांत उपटून देई, आणि तो ताजा असतांनाच धनिकाच्या हिरडींत बसविला जाई. कांहीं काळ तो घट्ट वाटे. पुढें सैल होऊन गळून पडे. या मार्गानें उपदंशासारखा रोग जडल्याच्या तक्रारीहि झाल्या, आणि ती प्रथा मागें पडली. देणाऱ्याचा दांत कायमचा गेला, आणि घेणाऱ्यालाहि तो लाभला नाहीं. पैशानें विकत घेतलेली वस्तु शरीर मालकीची मानीलच असें नाहीं, हा धडा त्यांतून मिळाला.

शरीर परक्याला दूर सारतें, पण आपल्याला ओळखतें, याचा पुरावा त्याच सुमारास पुण्याजवळ घडला. कावसजी नांवाचा एक मराठा, इंग्रजी फौजेंत बैल हांकणारा, १७९२ च्या युद्धांत टिपूच्या हातीं सांपडला, आणि त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. सुमारें वर्षभरानें विटा भाजणाऱ्या जातींतील एका कारागिरानें त्याला नवें नाक करून दिलें. प्रथम मेणाचें नाक करून तें कपाळावर सपाट पसरलें, त्याच्या कडेनें रेघ ओढली, तेवढी कातडी सोडविली, आणि दोन भुवयांमधला एक अरुंद पट्टा तसाच जोडलेला ठेवून ती खालीं वळवून बसविली. या पट्ट्यांतून रक्त येत राहिलें, म्हणून ती कातडी जिवंत राहिली. नवी जागा तिला मानवल्यावर मग तो पट्टा कापला गेला. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्यें ऑक्टोबर १७९४ मध्यें ही हकीकत छापून आली, आणि युरोपांतील शल्यवैद्यांनीं ती विद्या तेथून उचलली. सुश्रुताच्या देशांतील एका अनामिक कारागिराला शरीराच्या संमतीचें मर्म ठाऊक होतें.

परंतु कपाळाची कातडी नाक होऊं शकते. दांत होऊं शकत नाहीं. दांतासाठीं कांहीं तरी निर्जीव द्रव्यच हवें, आणि तें असें हवें कीं शरीरानें त्याला शत्रु मानूं नये. असें द्रव्य असूं शकतें याची साक्ष जमिनीखालीं पडून होती. १९३१ सालीं मध्य अमेरिकेंतील होंडुरास देशांत माया संस्कृतीच्या काळांतील, सुमारें तेराशें वर्षांपूर्वींच्या एका जबड्याचा तुकडा सांपडला. त्यांत खालच्या तीन पुढच्या दांतांच्या जागीं शिंपल्याचे, दांतासारखे घडविलेले तुकडे बसविलेले होते. मेल्यावर केलेला हा शृंगार असावा, असें पुष्कळ दिवस मानलें गेलें. १९७० सालीं त्याचीं क्ष-किरण चित्रें घेतलीं तेव्हां त्या शिंपल्यांभोंवतीं हाड वाढलेलें आढळलें. मेलेल्या माणसाचें हाड वाढत नसतें. अर्थात् तो मनुष्य जिवंतपणीं त्या शिंपल्यांनीं जेवला होता.

आधुनिक काळांत हें रहस्य उलगडलें तें मात्र दांताचा शोध घेतांना नव्हे. स्वीडनमधील लुंड येथें १९५२ च्या सुमारास पेर-इंगवार ब्रॉनेमार्क हे तरुण संशोधक हाडांतील मज्जेमध्यें रक्त कसें वाहतें याचा अभ्यास करीत होते. सशाच्या पायाच्या हाडांत टायटॅनियम धातूची एक बारीक डबी बसवून तिच्यांतून ते सूक्ष्मदर्शकानें आंत पाहात. प्रयोग संपल्यावर ती महागडी डबी काढून दुसऱ्या सशासाठीं वापरावी, असा त्यांचा बेत होता. पण डबी निघेना. हाड तिला इतकें चिकटून वाढलें होतें कीं दोहोंची फारकत करणें अशक्य झालें. दुसऱ्या एखाद्यानें कपाळाला हात लावून नवी डबी मागविली असती. ब्रॉनेमार्क यांनीं न निघणाऱ्या डबीलाच नवा प्रश्न मानलें. पुढें या संयोगाला ‘ऑसिओइंटिग्रेशन’ असें नांव मिळालें. मराठींत त्याला अस्थिसंयोग म्हणतां येईल.

या संयोगाचें कारण धातूच्या पृष्ठभागावर आहे. टायटॅनियमला हवा लागतांच त्याच्यावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर चढतो. हा थर शरीरांतील खाऱ्या द्रवानें गंजत नाहीं, आणि हाडाच्या पेशींना त्याचें भय वाटत नाहीं. त्या त्याच्यावर येऊन आपलें बांधकाम सुरू करतात. मात्र त्यांच्या अटी कडक असतात. हाडाला भोंक पाडतांना उष्णता ४७ अंश सेंटिग्रेडच्या वर जाऊन मिनिटभर टिकली तरी हाडाचा तो भाग मरूं शकतो. म्हणून गिरमिट बेतानें चालवावें लागतें, आणि त्यावर खाऱ्या पाण्याची धार सोडावी लागते. बसविलेला स्क्रू सुरुवातीच्या दिवसांत मिलिमीटरच्या दीड दशांशाहून अधिक हलत राहिला तर हाडाऐवजीं मऊ तंतूंचें वेष्टन तयार होतें, आणि स्क्रू कायमचा सैल राहातो. म्हणून ब्रॉनेमार्क यांनीं स्क्रू हिरडीखालीं झांकून खालच्या जबड्यांत तीन व वरच्या जबड्यांत सहा महिने वाट पाहाण्याची रीति घातली. आतां निवडक रोग्यांच्या बाबतींत त्याच दिवशीं तात्पुरता दांत बसवितां येतो. तथापि हाडाला लागणारा वेळ कोणालाहि चुकवितां आलेला नाहीं.

पहिला मानवी प्रयोग १९६५ सालीं गोथेनबर्ग येथें झाला. योस्टा लार्सन या गृहस्थांचा जबडा जन्मतः सदोष होता, आणि त्यांना दांत नव्हते. त्यांच्या खालच्या जबड्यांत चार स्क्रू बसविण्यांत आले. २००६ सालीं ते वारले तोंवर, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, ते स्क्रू कामावर हजर होते. शरीरानें संमति दिली. विद्वानांची संमति मात्र सहजासहजीं मिळाली नाहीं. ब्रॉनेमार्क हे दंतवैद्य नव्हते, आणि त्यापूर्वींचे अनेक धातूंचे प्रयोग फसलेले असल्यामुळें स्वीडनमधील दंतशास्त्रज्ञांनीं वर्षानुवर्षें त्यांना विरोध केला. अखेर १९८२ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें भरलेल्या परिषदेंत रोग्यांचे दीर्घ काळाचे पुरावे मांडले गेले, आणि जगाचें मत फिरलें. हा विरोध सर्वस्वीं निंद्य होता असें म्हणतां येत नाहीं. परकी वस्तु मनुष्याच्या हाडांत कायमची घालावयाची तर पुरावा मागणें हें वैद्याचें कर्तव्यच आहे.

तें कर्तव्य किती मोलाचें आहे, हें इंग्लंडांतील जॉन चार्नली यांच्या अनुभवावरून कळतें. झिजलेल्या खुब्याच्या जागीं कृत्रिम सांधा बसवितांना त्यांनीं प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरली. रोगी चालूं लागले, वेदना थांबल्या, सर्वत्र आनंद झाला. आणि दोन-तीन वर्षांत वाट्या झिजून त्यांच्या बारीक कणांनीं भोंवतालची मांसपेशी दाहानें भरून गेली. सुमारें तीनशें रोग्यांना या वाट्या बसविलेल्या होत्या. जो पदार्थ गोळ्याच्या रूपांत निरुपद्रवी असतो, तोच कणांच्या रूपांत शरीराला सोसत नाहीं, याची खात्री चार्नली यांनीं टेफ्लॉन स्वतःच्या मांडींत टोंचून घेऊन करून घेतली. नंतर १९६२ सालीं त्यांनीं अधिक टिकाऊ पॉलिएथिलीनची वाटी वापरली, आणि आज जगभर होणारी खुब्याची शस्त्रक्रिया त्या सुधारणेवर उभी राहिली.

दांतापासून सुरू झालेली टायटॅनियमची वाटचालहि पुढें गेली. १९७७ सालीं गोथेनबर्ग येथेंच कानामागील हाडांत स्क्रू बसवून त्यावर श्रवणयंत्र अडकविण्यांत आलें. ध्वनि कवटीच्या हाडांतून आंतल्या कानापर्यंत पोंचूं लागला. १९९० सालीं मांडीच्या हाडांत टायटॅनियमचा दांडा रोवून त्याला कृत्रिम पाय जोडण्यांत आला. अशा पायाच्या मनुष्याला जमीन खडबडीत आहे कीं गुळगुळीत, हें हाडांतून येणाऱ्या कंपांवरून कांहीं अंशीं उमगतें.

तरीहि अतिशयोक्तीच्या जाहिरातींपासून सावध राहिलें पाहिजे. ‘इम्प्लांट’ या नांवानें आतां घरोघरीं परिचित झालेला हा दांत नैसर्गिक दांताची बरोबरी सर्वांशीं करीत नाहीं. खरा दांत हाडाला थेट चिकटलेला नसतो. त्याच्या मुळाभोंवतीं तंतूंची एक नाजुक गादी असते, आणि तींत ज्ञानतंतू असतात. भातांतील खडा दांताखालीं येतांच जबडा क्षणांत थबकतो तो या गादीमुळें. टायटॅनियमच्या मुळाला ही गादी नसते, म्हणून त्याची जाणीव बोथट असते. तो किडत नाहीं हें खरें. पण त्याच्याभोंवतींची हिरडी अस्वच्छ राहिली तर ती सुजते, हाड खचतें, आणि एकदां रुजलेला स्क्रूहि सुटतो. दहा वर्षांनंतरहि शंभरांतील नव्वदांहून अधिक इम्प्लांट टिकून असतात. परंतु धूम्रपान करणारे आणि मधुमेह आटोक्यांत नसलेले लोक यांच्यांत अपयशाचा धोका वाढतो. ज्या गृहस्थाला विडीचा वा सिगारेटचा नाद सोडवत नाहीं, त्यानें हाडाकडून तरी सहकार्याची अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी?

म्हणून घरांतील वडील मंडळींसाठीं असा निर्णय घेण्यापूर्वीं तीन गोष्टी वैद्याला विचाराव्या. उरलेला दांत वांचविण्याचा कांहीं उपाय शिल्लक आहे काय? हाड पुरेसें व प्रकृति अनुकूल आहे काय? आणि दांत बसल्यावर त्याची निगा कोण व कशी राखणार? पहिल्या प्रश्नाचें उत्तर ‘होय’ असेल, तर महागड्या धातूची घाई करूं नये. तीन्ही प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं, तर वयाचा संकोच करण्याचेंहि कारण नाहीं. म्हातारपणीं सुद्धां हाड आपलें काम विसरत नाहीं. स्क्रू बसविण्याचें काम वैद्य घटकाभरांत उरकतो. त्यानंतरचे महिने हाडाचे असतात, आणि त्यानंतरचीं वर्षें रोज सकाळीं व रात्रीं ब्रश हातीं घेणाऱ्या माणसाचीं असतात.